थंडी येण्यापूर्वी खुराड्याची डागडुजी



दसरा झाला, कोजागरी झाली, की आपल्याकडे घराची साफसफाई सुरू होते. भिंती सारवल्या जातात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात, गोधड्या उन्हात पडतात. या सगळ्या धांदलीत परसातल्या एका घराकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ते घर म्हणजे कोंबड्यांचे खुराडे. पावसाळाभर ओल धरून बसलेले, तळाशी विष्ठेचा थर साचलेला, अशा स्थितीतच ते थंडीला सामोरे जाते. मग मार्गशीर्ष-पौषात कोंबड्या शिंकू लागल्या, अंडी बंद झाली, एखादी सकाळी मरून पडली, की आपण म्हणतो, "थंडी बाधली."

आज मला तुमच्याशी याच विषयावर बोलायचे आहे. मुद्दा आधीच सांगून टाकतो. धडधाकट मोठी कोंबडी आपल्याकडच्या थंडीने सहसा मरत नाही. तिला मारते ती ओल, आणि ओलीबरोबर कोंडलेली हवा.

एका पौषात मी निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. निफाडची थंडी तुम्हांला ठाऊक आहेच. पारा फार उतरला, की तिकडे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. वस्तीवरच्या मावशींनी दहा-बारा कोंबड्या पाळल्या होत्या. खुराडे चांगले विटांचे, वर पत्रा. थंडी पडली तशी मावशींनी काळजीने चारही बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला, फटींत चिंध्या कोंबल्या, दारावर दोन पोती टाकली. मी गेलो तेव्हा तीन कोंबड्यांचे डोळे सुजून मिटले होते, दोघींच्या नाकातून पाणी गळत होते. मावशी म्हणाल्या, "साहेब, एवढं झाकलं, एक फट म्हणून ठेवली नाही, तरी थंडी बाधलीच बघा." मी दाराशी उकिडवा बसलो आणि पोते बाजूला सारून आत डोके घातले. एका क्षणात माझ्याच डोळ्यांत पाणी आले, इतका उग्र दर्प. पत्र्याच्या आतल्या अंगाने दहिवरासारखे थेंब लोंबत होते आणि खालचा भुसा चिखलासारखा झाला होता. मावशींनी एक फट ठेवली नव्हती, दुखणे तिथेच होते.

असे का होते, ते नीट समजून घेऊ. कारण समजले, की उपाय पाठ करावे लागत नाहीत.

कोंबडीच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त असते, सुमारे ४१ अंश सेल्सिअस. शिवाय तिच्या अंगावर पिसांची गोधडी आहे. गार वाटले, की ती पिसे फुलवते. पिसांच्या आत हवा अडकते आणि त्या हवेची ऊब अंगाला मिळते. रात्री पाय पोटाखाली घेऊन, चोच पंखात खुपसून ती बसली, की निफाडची थंडीसुद्धा ती काढू शकते. मात्र दोन अटी आहेत. पिसे कोरडी हवीत, आणि अंगावर थेट वारा नको. पीस ओले झाले किंवा वाऱ्याने उलटले, की त्यातली हवा निघून जाते आणि गोधडी निकामी होते.

आता ओल कुठून येते ते पाहा. दहा मोठ्या कोंबड्या दिवसभरात मिळून दोन-अडीच लिटर पाणी पितात. त्यातले थोडे अंड्यात जाते. बाकीचे श्वासावाटे आणि विष्ठेवाटे बाहेर पडते. कोंबडीला घाम येत नाही, आणि तिच्या ताज्या विष्ठेत तर सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. हिवाळ्याची रात्र लांब. बारा-तेरा तास हे सगळे पाणी त्या लहानशा जागेत जमते. हवा बाहेर जायला वाट नसली, तर वाफ गार पत्र्याला लागून थेंब होते आणि पुन्हा कोंबडीच्या पाठीवरच पडते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. शेण-मुताच्या कोंदट गोठ्यात नाकाला झोंबतो तोच हा वायू. त्याने कोंबडीचे डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचे अस्तर दुखावते, आणि मग रोगजंतूंना दार उघडे होते. आपण म्हणतो थंडी बाधली. खरे पाहता आपण केलेला बंदोबस्तच बाधलेला असतो.

तेव्हा खुराड्याचा नियम एका वाक्यात सांगायचा, तर तो असा: कोंबडी बसते तिथे वारा नको, आणि तिच्या डोक्यावरून मात्र हवा खेळती हवी.

आता डागडुजीला लागू. कामाला उत्तम काळ म्हणजे पाऊस संपून ऊन पडू लागल्यापासून दिवाळीपर्यंतचा. एक उन्हाचा दिवस धरा. कोंबड्या सकाळी बाहेर सोडा आणि खुराडे पूर्ण रिकामे करा. जुना भुसा, विष्ठा खरवडून काढा. हे फेकून देऊ नका, उकिरड्यात मुरवा, उत्तम खत होते. दांड्या, अंड्यांच्या टोपल्या, पाण्याची भांडी उन्हात टाका. भिंतींच्या फटी नीट बघा. लहान लहान तांबड्या गोचड्या दिवसा तिथे लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. फटी लिंपून घ्या आणि आतून चुना मारा. घराला रंग काढताना बादलीत चुना उरतोच, त्यात खुराडे होऊन जाते. जमीन ओलसर असेल, तर वीतभर मुरूम टाकून चोपून घ्या. आतली जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच राहिली पाहिजे.

जमीन खडखडीत वाळली, की तिच्यावर गादी घालायची. भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा बारीक केलेली भुईमुगाची टरफले, यांपैकी गावात जे मिळेल ते कोरडे करून चार ते सहा इंच पसरा. ही गादी ओल शोषून घेते आणि पायांना ऊब देते. मात्र ती एकदा घातली आणि विसरली, असे चालत नाही. दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने वरखाली करायची. तिची परीक्षा सोपी आहे. मूठभर भुसा घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. भुसा मोकळा होऊन पडला, तर ठीक. लाडू तसाच राहिला, तर ओल वाढली. तेवढा ओला भाग काढून कोरडा भुसा घाला.

बसायला आडव्या दांड्या हव्यातच. जमीन सर्वांत गार आणि सर्वांत ओली असते, म्हणून कोंबडी जमिनीवर झोपता कामा नये. दांडी दीड-दोन फूट उंच ठेवा. अगदी बारीक काठी नको. दोन इंच रुंदीची, कडा घासून गुळगुळीत केलेली पट्टी चांगली, म्हणजे पंजा सपाट टेकतो आणि पोटाची पिसे बोटांवर पांघरली जातात. एका कोंबडीला दांडीवर वीतभर जागा द्या. एकंदर खुराडे म्हणाल, तर कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट धरा, म्हणजे दहा कोंबड्यांना पाच फूट लांब आणि चार फूट रुंद एवढे पुरते. ऊब यावी म्हणून फार दाटी करू नका. दाटीने ऊब थोडी वाढते, ओल मात्र पुष्कळ वाढते.

आता वाऱ्याकडे वळू. थंडीत आपल्याकडे गार वारा बहुधा उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो. म्हणून त्या बाजूंच्या भिंती खालपासून दांडीच्या वर हातभर उंचीपर्यंत बंद असाव्यात. कुडाची भिंत असेल, तर शेणमातीने लिंपा. जाळी असेल, तर गोणपाट लावा. पण गोणपाट लावण्याची एक रीत आहे. पुष्कळ जण ते वरून टांगतात. मग वर सगळे बंद, आणि खाली मात्र पोते हलून वारा थेट कोंबडीच्या पोटाखाली शिरतो. आपण उलट करायचे. गोणपाट खालच्या बाजूने पक्के बांधायचे आणि वर, छपराखाली, वीतभर जागा मोकळी सोडायची. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर अशी मोकळी जागा असली, की गरम, दमट हवा वरच्या वर निघून जाते. त्या जागेला बारीक जाळी ठोका. मुंगूस, रानमांजर यांना तेवढी वाटही पुरते.

पत्र्याचे छप्पर रात्री फार लवकर गार होते, म्हणून तर त्याला थेंब सुटतात. त्यावर उसाचे पाचट किंवा कडबा पसरून वरून दोरीने आवळला, तर पत्रा एवढा गारठत नाही. पाचट छपराच्या वर टाका, आत नको. आत टाकले तर त्यात गोचड्या घर करतात.

एवढे झाले, की कोंबडीच्या नाकाने खुराडे तपासा. पहाटे दार उघडण्याआधी उकिडवे बसून आत डोके घाला. डोळे चुरचुरले, नाकाला झोंबले, तर वरची वाट अपुरी आहे, असे समजा. थंडी कितीही असो, ती वाट आणखी उघडा.

आता खाणे-पिणे. थंडीत अंग ऊबदार राखण्यासाठी कोंबडी जास्त खाते. एरवी मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते. परसात फिरून ती किडे-पाला वेचत असली, तरी या दिवसांत हात थोडा सैल सोडावा. मावळतीच्या आधी मका, ज्वारी किंवा बाजरी मूठ-मूठ टाका. दाण्याने भरलेली पोटळी रात्रभर हळूहळू पचते आणि पचताना अंगात ऊब तयार होते. पावसाळ्यानंतर पुष्कळ कोंबड्यांची जुनी पिसे झडून नवी येतात. पीस म्हणजे बहुतेक प्रथिनच. म्हणून शेंगदाण्याची पेंड, सुकटीचा चुरा थोडा थोडा द्यावा. पेंडीला बुरशी आली असेल, तर मात्र ती देऊ नका. ती विष ठरते.

पाणी रोज सकाळी ताजे भरा. रात्रभर उघड्यावर राहिलेले बर्फासारखे पाणी कोंबडी पुरेसे पीत नाही, आणि पाणी कमी प्याली की खाणेही कमी होते. विहिरीचे पाणी थंडीत सकाळी कोमट लागते. तेच ताजे ताजे ठेवले, की काम झाले. रात्री पाण्याचे भांडे खुराड्यात ठेवू नका. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही, भांडे लवंडून ओल मात्र वाढते.

आता तुम्ही म्हणाल, "हे सगळं केलं, तरी थंडीत अंडी कमीच होतात, ते का?" त्याचे कारण मुख्यतः उजेड आहे. कोंबडीने भरपूर अंडी द्यावीत, यासाठी दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. आपल्याकडे २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपली म्हण आहे. खरेच आहे ते. पण झाकलेल्या कोंबडीला ते तांबडे उशिरा कळते, आणि तेवढा तिचा दिवस आणखी तोकडा होतो. पोती नऊ वाजेपर्यंत तशीच ठेवायची आणि अंडी नाहीत म्हणून कोंबडीला बोल लावायचा, हे बरे नव्हे. उजाडताच पडदे उघडा आणि कोवळे ऊन आत येऊ द्या. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या असतील आणि खुराड्यात वीज असेल, तर पहाटे दोन-तीन तास एक लहान दिवा लावता येतो. तो पहाटेच लावावा. संध्याकाळी लावून एकदम विझवला, तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत आणि जमिनीवरच राहतात. गावठी कोंबडीला या दिवसांत थोडी विश्रांती मिळाली, तरी बिघडत नाही. पिसे भरून आली, की ती पुन्हा अंड्यावर येते.

उन्हाचा आणखी एक उपयोग आहे. खुराड्याजवळ एका खळग्यात चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती मिसळून टाका. कोंबड्या त्यात मनसोक्त लोळतात आणि पिसांतल्या उवा आपोआप कमी होतात.

आतापर्यंत सांगितले ते मोठ्या कोंबड्यांचे झाले. पिलांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या अंगावर नुसती लव असते, पिसांची गोधडी नसते. त्यांना थंडी खरोखरच मारते. पहिल्या आठवड्यात पिलाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली ही ऊब बिनखर्चाची मिळते. म्हणून ऐन थंडीत रवणीला दहाच अंडी ठेवा, म्हणजे निघालेली सगळी पिले तिच्या पंखाखाली मावतील. विकतची पिले आणली असतील, तर पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल आडोसा करून वीस-पंचवीस पिलांवर साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा टांगा. नवे एल.ई.डी. दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, हे ध्यानात ठेवा. ऊब बरोबर आहे की नाही, हे पिलेच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करू लागली, तर ऊब कमी. आडोशाला चिकटून चोची वासू लागली, तर जास्त. सगळीकडे पांगून खात-पीत असली, तर बरोबर. दिवा तारेने पक्का बांधा, भुशात पडला तर आग लागते. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच ठेवू नका. तिचा धूर दिसला नाही, तरी तिच्यातून निघणारा वायू पिलांना मारतो, आणि त्याच खोलीत निजलेल्या माणसालाही.

आता रोगाविषयी. चांगले खुराडे पुष्कळ दुखणी टाळते, पण मानमोडी टाळत नाही. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग. १९२७ च्या सुमारास कुमाऊँच्या डोंगरातल्या रानीखेत येथे हा रोग आढळला, त्यावरून त्याला ते नाव पडले. हिरवट पांढरी हगवण, माना वाकड्या होणे, आणि बघता बघता सगळे खुराडे रिकामे. त्यावर औषध नाही, लस मात्र आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे झाले, की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीची सुई. देवीची लसही याच सुमारास टोचतात. या लसी आपल्या राज्यात पुण्याला औंध येथील सरकारी संस्थेत तयार होतात. त्यांविषयी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

इथे एक अडचण नेहमी येते. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहूनही जास्त मात्रा असतात आणि कुपी एकदा कालवली, की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई एकटी काय करणार? म्हणून आळीने मिळून एक दिवस ठरवावा. कोंबड्या अजून खुराड्यातच असतात, अशा सकाळच्या वेळी लस बर्फाच्या थर्मासमधून आणावी आणि घरोघर एका फेरीत टोचून घ्यावी. शेजारणीच्या कोंबड्या बिनलसीच्या राहिल्या, तर त्यांच्यातला रोग आपल्याही दाराशी येतो.

आणखी एक गोष्ट. बर्ड फ्लू आपल्या राज्यात २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला आला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात दिसला. दोन्ही वेळा दिवस थंडीचेच होते. या दिवसांत परदेशी पाणपक्षी आपल्या तळ्यांवर उतरतात. कोंबड्यांचे दाणापाणी त्यांच्यापासून दूर ठेवा. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर त्यांना उघड्या हातांनी शिवू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

गुरुजी आणि बाई, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. मुलांना एक सोपा प्रयोग द्या. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत, त्यांनी रात्री खुराड्याच्या आत, वरच्या बाजूला, आरशाचा तुकडा बांधावा आणि पहाटे पाहावा. आरशावर पाण्याचे थेंब दिसले, तर हवा कोंडली आहे. मग वरची वाट चार बोटे वाढवून दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावे. वाफ, दव आणि खेळती हवा हा सगळा धडा त्या आरशात आहे. मुलांनी रोजची अंडी वहीत मांडावीत, आणि आळीतल्या कोंबड्यांची यादी करून लसीचा दिवस ठरवायला मोठ्यांना मदत करावी.

निफाडच्या मावशींनी त्या दिवशी माझ्यासमोरच प्लॅस्टिकचा वरचा भाग फाडला. पण हात आखडतच होता. म्हणाल्या, "कोंबड्या गारठतील की हो!" ओला भुसा काढला, कोरडे तूस घातले, आजारी कोंबड्या वेगळ्या डालग्याखाली ठेवून दवाखान्यातून औषध आणले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा एक कोंबडी दगावली होती, बाकीच्या हिंडत होत्या. मावशी म्हणाल्या, "एक गेली ती माझ्याच मायेनं गेली म्हणायची."

घरातला धान्याचा, उसाचा पैसा बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती जातो. अंड्यांचे चार पैसे मात्र बाईच्या हाती राहतात. त्यातून मुलाची वही येते, सासूचे औषध येते, अडीनडीला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. दहा कोंबड्यांचे खुराडे म्हणजे तिची पेटीच. यंदा घराला चुना काढाल, तेव्हा बादलीतला थोडा त्या पेटीसाठी ठेवा, आणि वरची वीतभर वाट मोकळी सोडायला विसरू नका.